दादरला नंबर बदलले तेव्हा माझा पोपट झाला, तुमचा होऊ नये म्हणून

मला दादर पाठ होतं म्हणजे फक्त प्लॅटफॉर्मचे नंबर पाठ होते. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्टर्न-सेंट्रलचे नंबर सलग केले, सेंट्रलचा १ एकदम ८ झाला आणि मी ब्रिजवर खांबासारखा उभा. बाजूने एक फुलवाली मावशी डोक्यावर टोपली घेऊन बिनधास्त खाली उतरली, तिने बोर्डकडे बघितलंपण नाही. तिच्या डोक्यात नकाशा होता, माझ्या डोक्यात यादी.

तर नकाशा बनवायचा कसा? पहिलं म्हणजे काम नसताना फिरा. टोलमन आणि होन्झिक या मानसशास्त्रज्ञांनी १९३० मध्ये उंदरांना दहा दिवस भुलभुलैयात नुसतंच फिरू दिलं, तिथे खायला काही नाही, अकराव्या दिवशी खाऊ ठेवला आणि एक-दोन दिवसांत ते रोज खाऊ मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला आले. म्हणजे टाइमपास चाललेला तेव्हा आत नकाशा बनतच होता. रविवारी जा, जीपीएस खिशात ठेवा, एका ब्रिजने जा आणि दुसऱ्याने परत या.

दुसरं, जिना उतरायच्या आधी मनात बोला की खाली काय दिसणार, मग बघा. चुकलात तर उत्तम, ती जागा परत विसरणार नाही.

तिसरं, नावं नंतर, आधी ढाचा धरा. विरारकडे तोंड केलं की डावीकडे वेस्ट, उजवीकडे ईस्ट, मग नायगावला जन्मात गेला नसाल तरी अर्धं स्टेशन आधीच माहीत असतं. कल्याणकडे जातानापण सीएसएमटी-ठाणे पट्ट्यात हेच चालतं. हार्बरला वाशीच्या पुढे मात्र हा ढाचा लावू नका, तिथे सेक्टरचं राज्य आहे, फसाल.

आणि पावसात खरी परीक्षा. सायनला पाणी, गाडी कुर्ल्याला थांबली. यादीवाला अनाउन्समेंट ऐकत बसतो, नकाशावाला म्हणतो वेस्टला उतरू, बस पकडून बांद्रा गाठू, तिथून वेस्टर्न. उंदीरपण फाट्यावर थांबून इकडेतिकडे मान वळवतो आणि तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या जागा लक्षात ठेवणाऱ्या भागात, पुढच्या जागांच्या पेशी एकामागोमाग पेटतात, पाय न हलवता दोन्ही रस्ते चालून बघतो म्हणा ना. या जागा ओळखणाऱ्या पेशी जॉन ओकीफ या मेंदू-शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवल्या, २०१४ चं नोबेल मोझर दांपत्यासोबत मिळालं.

म्हणून गाडी थांबली की पहिली दोन मिनिटं फोन काढू नका, डोळे मिटून कुर्ल्याहून दोन रस्ते चालून बघा. मग लागलाच तर जीपीएस.