छाटणीला उतरण्याआधी

हातमोजे, टोपी, कचऱ्याला पोतं, हे सांगायला नको. कात्री मात्र निरखून घ्या. जिवंत, ओल्या फांदीला दोन पाती एकमेकांना घासून जाणारी कात्री लागते. एकच पातं सपाट पट्टीवर येऊन बसतं ती फांदी चेंगरते, तिला वाळक्या काटक्यांपुरतीच ठेवा. अंगठ्याहून जाड फांदीशी कात्रीने झटापट नको, छोटी करवत घ्या.

आणि पातं पुसायला स्पिरिट. 70 टक्के अल्कोहोलचं, लहान बाटलीत, सोबत सुती फडकं. बाटली घरात नको, पायरीवर नको, खिशात हवी. मागच्या वेळी ती आतच राहिली आणि एका गुलाबाची शेंडेमर, म्हणजे शेंड्याकडून फांदी वाळवत नेणारा रोग, कात्रीने शेजारच्या गुलाबांना वाटून दिली. जास्त कडक म्हणून 99 टक्क्यांचं आणू नका, ते काम करायच्या आत उडून जातं. ब्लीचनेही भागतं, पण पातं गंजतं.

झाड कशावर फुलतं हे आधीच ठरवून ठेवा. जास्वंद, मोगरा, बोगनवेल, हल्लीचे बहुतेक गुलाब नव्या फुटव्यावर फुलतात. त्यांना नवी वाढ सुरू होण्याच्या तोंडावर छाटा. अझेलिया आणि मोठ्या पानांचं हायड्रेंजिया पुढच्या बहराच्या कळ्या आधीच जुन्या काडीत धरून ठेवतात. त्यांना फुलं ओसरली की लगेच छाटायचं. मनात येईल तेव्हा कात्री चालवलीत तर वर्षभर नुसती पानं बघा.

झाड तहानलेलं असेल तर आदल्या दिवशी पाणी द्या. पानं ओली असताना छाटू नका, ओलाव्यात बुरशीचं फावतं. आत घरटं नाही ना, तेही बघा. कण्हेर असेल तर चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि कापलेल्या फांद्या जाळू तर मुळीच नका, धूरही विषारी असतो.

फडकं घेतलंत ना? खिसा चाचपा.

आधी वाळलेलं, मग रोगट, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. रोगट फांदीला हात घातलात की प्रत्येक कापानंतर पातं पुसायचं. 'ही एवढी झाली की पुसतो' हे चालणार नाही. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे नवा फुटवा येतो तो फुगवटा, शोधा, त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घ्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. वर लांब खुंटी ठेवलीत तर ती वाळते आणि कूज तिथूनच खाली उतरते. आता काप नीट बघा. गाभा पांढरट हवा. मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर पातं पुसून आणखी एक डोळा खाली या, पुन्हा बघा. गाभा स्वच्छ लागेपर्यंत हेच. दुसऱ्या झाडाकडे वळताना, ते कितीही टवटवीत दिसलं तरी, पुसा.

एका खेपेला तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढू नका. कलमी गुलाबाच्या सांध्याखालून आलेले फुटवे मुळाशी धरून ओढून काढा, नुसते कापलेत तर परत येतात.

बाकी नेहमीचंच. खाली पडलेलं सगळं गोळा करा, रोगट ते कंपोस्टात नको. कात्री धुवा, पुसा, तेलाचा हात द्या. खत नवे फुटवे दिसल्यावर.