पीएचडीच्या अर्जासोबत कोड पाठवताय? या चुका टाळा

संगणकीय खगोलशास्त्र, हवामान, जैवमाहितीशास्त्र अशा विषयांत पीएचडीची जागा निघाली की जाहिरातीत ‘प्रोग्रॅमिंग यायला हवं’ ही ओळ हमखास असते. मग बायोडेटात पायथन, सी प्लस प्लस, मॅटलॅब, आर, फोरट्रान अशी माळ ओवली जाते. एका सेमिस्टरपुरती शिकलेली भाषा त्यात घालू नका. मुलाखतीत तिच्यावरही प्रश्न येऊ शकतो. एकच भाषा लिहा, पण तिच्यात काय केलंत तेही लिहा: ‘पायथन, 3 वर्षं, एम.एस्सी. प्रकल्पात दुर्बिणीच्या नोंदींवरून ताऱ्यांचे प्रकाशवक्र काढले.’

खरा घोळ गिटहबच्या (कोड ठेवायच्या वेबसाइटच्या) लिंकमध्ये असतो. समोरचा कोड उतरवून चालवून बघणार, असंच धरून चाला. कोड अडतो बहुधा फाइलच्या पत्त्यावर. कोडात तुमच्या सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता असेल, तर दुसऱ्याच्या मशीनवर ते फोल्डरच नसतं. पत्ता प्रकल्पाच्या फोल्डरपासून द्या. शिवाय विंडोज फाइलच्या नावात इंग्रजी मोठं-लहान अक्षर एकच मानतं, लिनक्स मानत नाही. म्हणून तुमच्याकडे विंडोजवर सुरळीत चाललेला कोड प्रयोगशाळेतल्या लिनक्सवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून बंद पडतो.

ज्युपिटर नोटबुक (कोड सेल नावाच्या तुकड्यांत चालवायची फाइल) पाठवत असाल तर सेलच्या डावीकडचे आकडे बघा, ते चालवल्याचा क्रम सांगतात. 12 च्या खाली 47 आणि त्याखाली 9 असेल, तर सेल उलटसुलट चालवलेत हे जाणकाराला तिथेच कळतं. पुसून टाकलेल्या सेलमधलं व्हेरिएबल मेमरीत उरलेलं असतं, म्हणून तुमच्याकडे आलेख निघतो. त्याच्याकडे निघत नाही. कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करून सगळं वरून खाली चालवा आणि मगच पाठवा.

वापरलेल्या लायब्ररींची (तयार कोडच्या संचांची) यादी आवृत्तीच्या आकड्यांसह द्या. रीडमीत (सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) कोड काय करतो, कोणत्या आज्ञेने चालतो आणि काय निकाल यायला हवा, एवढं पुरे. 100 एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही, तेव्हा डेटाचा छोटा नमुना ठेवा. पासवर्ड चुकून चढला असेल तर फाइल उडवून भागत नाही, तो जुन्या कमिटमध्ये (आधी साठवलेल्या आवृत्तीत) राहतो. आधी पासवर्ड बदला.

मुलाखतीत अवघड अल्गोरिदमपेक्षा साध्या गोष्टींवर दांडी उडते. पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 येते, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत. म्हणून दशांश संख्या ‘बरोबर आहे का’ असं थेट तपासू नका, फरक ठरावीक मर्यादेत आहे का ते बघा. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत ॲरेचा (आकड्यांच्या रांगेचा) तुकडा कापून त्यात बदल केला की मूळ ॲरेही बदलतो. तुकडा स्वतंत्र हवा असेल तर कॉपी घ्यावी लागते. साध्या पायथन लिस्टचं तसं नाही, तिथे कापलेला तुकडा वेगळाच असतो. हा फरक उदाहरणासकट सांगता आला पाहिजे.

युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या (युरोपीय संघाच्या पैशांवर अनेक संस्था मिळून देतात त्या) पीएचडीच्या जागांना आणखी एक अट असते, ती अर्ज भरून झाल्यावर वाचली जाते. नेमणुकीच्या आधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा मुख्य काम केलेलं चालत नाही. जर्मनीत नुकतंच दोन वर्षांचं मास्टर्स केलेल्याला जर्मनीतली जागा मिळत नाही. त्याच नेटवर्कमध्ये नेदरलँड्सची जागा असेल तर तिथे मात्र ही अट आड येत नाही.