नाकाची पुनर्रचना: चुका ऑपरेशन टेबलाच्या आधीच सुरू होतात

नाक वाकडं दिसलं की सगळ्यांची नजर हाडावर जाते. पण हाड असतं फक्त वरच्या एक तृतीयांश भागात. त्याखाली सगळी कूर्चा (कार्टिलेज) आणि तिला मधून आधार देणारा पडदा. पडदा तसाच वाकडा ठेवून नुसती हाडं सरळ केली, तर काही महिन्यांत नाक पुन्हा त्याच बाजूला झुकू शकतं.

नाक चोंदतं म्हटलं की पडद्यालाच दोष देणं ही याच्या उलटी चूक. जोरात श्वास आत ओढायला सांगा आणि नाकपुडीकडे पाहा. बाजूची भिंत आत खेचली जात असेल, तर दुखणं त्या भिंतीत आहे. पडदा कितीही सरळ केला तरी फरक पडणार नाही. गाल बाजूला ओढून पाहण्याची चाचणी बहुतेक डॉक्टर करतात, पण तशाने निरोगी माणसालाही मोकळं वाटतं. बारीक सळईने आतून भिंतीला आधार देऊन पाहणं जास्त भरवशाचं.

मार लागल्यावर एक्स-रेवर विसंबू नका, त्यात कूर्चा दिसत नाही. सूज असेल तर ३ ते ५ दिवसांनी पुन्हा तपासा. हाड जागेवर बसवायचं ते मोठ्यांमध्ये साधारण २ आठवड्यांच्या आत, मुलांमध्ये त्याहून लवकर. एका गोष्टीला मात्र ही सवलत नाही: पडद्यावर साकळलेलं रक्त. आत मऊ फुगवटा दिसला आणि नाक मोकळं करणाऱ्या थेंबांनीही तो बसला नाही, तर ते रक्त त्याच दिवशी काढायला हवं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आवरण सुटलं की तिचं पोषण तुटतं, ती विरघळते आणि नाक मधोमध बसतं. पहिल्या तपासणीत नाकात टॉर्च मारून न पाहणं ही मला यातली सगळ्यात अक्षम्य चूक वाटते.

पडद्याची कूर्चा काढताना वरच्या आणि पुढच्या कडेला किमान १ सेंटिमीटरची पट्टी राखावी लागते. हात सैल सोडला की वर्षभराने तोच खड्डा.

कॅन्सर किंवा अपघातात नाकाचा तुकडाच गेला असेल, तर कपाळाची त्वचा एका देठाने तिथेच जोडलेली ठेवून नाकावर वळवतात; तिला फ्लॅप म्हणतात. ती दिसते म्हणून सगळं लक्ष तिच्यावर. आतल्या अस्तराचा विचार कुणी करत नाही. अस्तर अपुरं असलं की ते आकसतं आणि नाकपुडी वर ओढली जाते. माप घ्यायचं तेही जखमेचं नाही, चांगल्या बाजूचं. जखम फाकलेली असते किंवा आकसलेली, खरी कधीच नसते. कपाळाशी जोडलेला देठ साधारण ३ आठवड्यांनी कापतात. या काळात रुग्णाने सिगारेट ओढली, तर फ्लॅपचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागू शकतं, त्यामुळे दिसण्यासाठीच्या दुरुस्तीची घाई नको. पू आला किंवा फ्लॅप काळानिळा पडला, तर मात्र लगेच सर्जनला गाठा.