किट विमानाच्या धडाचे पत्रे रिव्हेटिंगआधी तयार कसे करायचे

किटचं, म्हणजे घरी जोडायच्या विमानाच्या सुट्या भागांचं, खोकं उघडलं की हात शिवशिवायला लागतात, असं वाटतं रिव्हेटगन घ्यावी आणि सुरू व्हावं. थांबा. एक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी धातूची छोटी मेख, बसायला दोन-तीन सेकंद लागतात, पण त्या एका भोकाला आधी चार-पाच वेळा हात लागलेला असतो आणि खरं विमान तिथेच बनतं. मी इथे ओहायोत गॅरेजमध्ये आरव्ही-७ बांधतोय. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती, रोज संध्याकाळी दारात उभी राहून विचारायची, "आज पण नुसतं घासतोयस?" हो आई, आज पण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरव्ही म्हणजे ओरेगनमधल्या ऑरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्टची किट्स, रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी सुरू केलेली कंपनी, आजवर घरी बांधलेली १०,००० पेक्षा जास्त आरव्ही उडालीत. अमेरिकेत नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं पाहिजे, त्याला सगळे ५१ टक्के नियमच म्हणतात. (आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, ते किटही नव्हतं, त्यांना दंडवत.)

आता एवढं घासायचं कशाला? कापडाच्या दुकानात बघा, दुकानदार काठाला कात्रीने एवढीशी चीर देतो आणि मग टर्रकन फाडतो. ती चीर नसती तर? विमानाच्या पत्र्याचंही तसंच, तडा मधोमध फारसा जात नाही, तो काठावरच्या ओरखड्यापासून नाहीतर भोकाच्या खरबरीत कडेपासून सुरू होतो आणि मग प्रत्येक टेकऑफ-लँडिंगला थोडा थोडा पुढे सरकतो. ती चीर राहू द्यायची नाही, बाकी सगळं त्यातूनच येतं.

सुरुवात मोजणीने करा. यादी घेऊन पार्ट तपासा आणि प्रत्येकावर नंबर लिहा, पण पेन्सिलने नाही! पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला गंज लावतं, मार्कर वापरा. पत्र्यावर निळी प्लास्टिक फिल्म असते, ती वर्षानुवर्षं तशीच ठेवू नका, खाली ओल धरते आणि गोंद चिकटून बसतो. मी फक्त रिव्हेटच्या ओळींपुरती पट्टी काढतो, सोल्डरिंग आयर्नचं टोक घासून गोल करायचं आणि पट्टीच्या कडेने हलकंच फिरवायचं, फिल्म वितळून कापली जाते, पत्र्याला ओरखडा नाही. बाकीची फिल्म शेवटपर्यंत ढाल म्हणून राहते.

मग बल्कहेड, म्हणजे धडाच्या आतल्या कमानी. प्रेसमधून येताना त्यांच्या दुमडलेल्या कडा बरोबर काटकोनात नसतात आणि अख्खा पार्ट केळ्यासारखा वाकलेला असतो. गुण्या लावून कडा आधी ९० अंशांवर आणा. मग सपाट टेबलावर ठेवून बघा, डुगडुगतोय? फ्लुटिंग प्लायर, म्हणजे चुण्या घालायची पक्कड, घ्या आणि दोन भोकांच्या मध्ये, बरोबर मध्ये, छोटी छोटी चुणी घाला, चुणीचा फुगवटा आतल्या बाजूला गेला पाहिजे नाहीतर वरचा पत्रा नीट टेकणार नाही. झंपरला चुण्या घालून कापड आवळतात ना, तसंच हे, गोलाईवरचा जास्तीचा धातू आवळला की पार्ट आपोआप सरळ होतो. जोर बेताने, एकदा घातलेली चुणी परत पूर्ण सपाट करणं अवघड असतं.

आता काठ. इथे घाई करू नका. कापताना मशीनच्या बारीक उभ्या रेषा काठावर उठतात, त्या दिसायच्या बंद होईपर्यंत कानस मारायची, काठाच्या लांबीच्या दिशेने, आडवी नाही. मग बेंच ग्राइंडरवर ६ इंची स्कॉचब्राइटचं चाक. दगडाचं चाक ॲल्युमिनियमला लावायचं नाही, धातू दगडात भरतो, चाक तापून फुटू शकतं. शेवटी दोन्ही बाजूंची धार किंचित मोडायची आणि काठावरून नख ओढायचं. अडकलं तर परत. आतले कोपरे आणि खाचा तर सगळ्यात वाईट, तिथे सोनाराची बारीक कानस घेऊन टोकदार कोपरा गोल करा, चाक तिथे पोचत नाही म्हणून बहुतेक जण ते सोडून देतात.

पुढे क्लेको, हे स्प्रिंगचे तात्पुरते रिव्हेट. ३/३२ इंचासाठी चंदेरी, १/८ साठी तांब्याच्या रंगाचे. धड जोडा, निदान एकाआड एक भोकात तरी क्लेको हवा, मग नकाशात सांगितलेली भोकं फायनल साइजला ड्रिल करा, ३/३२ साठी ४० नंबरचं ड्रिल आणि १/८ साठी ३० नंबरचं. मी रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं टूल, वापरतो, भोक गोल आणि स्वच्छ येतं. नव्या किट्समध्ये बरीच भोकं आधीच फायनल साइजची असतात, उगाच मोठी करू नका.

मग सगळं परत सोडवायचं. हो, सगळं. ड्रिलने दोन पत्र्यांच्या मध्ये बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, उठलेली असते, ती काढल्याशिवाय पत्रे एकमेकांवर घट्ट बसत नाहीत. डीबरिंगचं टूल हलक्या हाताने दोन फेरे, दोन्ही बाजूंनी. बोट फिरवून धार लागत नाही ना एवढंच बघा. जास्त फिरवलंत तर ०.०२५ इंचाच्या पत्र्यात भोकाची कड सुरीसारखी पातळ होते, म्हणजे बर काढायला गेलो आणि चीर आपणच तयार केली.

डिंपल म्हणजे रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाभोवती केलेली वाटी. सी-फ्रेममध्ये, म्हणजे सी आकाराच्या चौकटीत, डाय (वाटीचे साचे) लावून हातोडीचा एक ठाम घाव, ठण्ण असा भरीव आवाज आला की झालं, दबका आला तर पत्रा नीट टेकलेला नाही. माझी सगळ्यात महागडी चूक इथलीच. एका बल्कहेडचे डावा-उजवा दोन अर्धे, रात्री साडेअकराला दोन्ही एकाच दिशेने डिंपल केले, दोन्ही डाव्या पायाच्या चपला! उलटी वाटी ठोकून सुलटी करायची नसते, तिथला धातू कडक होऊन तडकतो. नवीन पार्ट मागवला. तेव्हापासून जोडीचे दोन्ही पार्ट टेबलावर आरशासारखे समोरासमोर ठेवतो, बाहेरच्या बाजूवर मार्करने 'बाहेर' लिहितो आणि मगच हातोडी.

लाँजेरॉन, म्हणजे धडाच्या लांबीने जाणारे जाड अँगल, डिंपल होत नाहीत, तिथे काउंटरसिंक, म्हणजे भोकाच्या तोंडाशी धातू कोरून केलेली खळगी. आधी भंगार तुकड्यावर सेट करा, रिव्हेटचं डोकं सपाट बसलं की मायक्रोस्टॉपचे (कोरायची खोली ठरवणाऱ्या टूलचे) आणखी साधारण ७ क्लिक खोल, कारण आत रिव्हेट नाही, पत्र्याची वाटी बसणार आहे.

शेवटी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा रंगाचा पहिला हात. यावरून बिल्डर लोकांची भांडणं लागतात, वरणात गूळ घालावा का त्या लेव्हलची. धडाचा पत्रा बहुतेक २०२४-टी३ अल्क्लॅड, म्हणजे तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम, तांब्यामुळे ताकद पण गंजायला पुढे, म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. ॲरिझोनात कोरड्या हँगरमध्ये तेवढा पुरतो म्हणणारे आहेत. मी कोकणातला, लोखंडी खिडक्यांचं काय होतं ते बघत वाढलोय, त्यामुळे आतून टू-पार्ट इपॉक्सी प्रायमर मारतोच, फक्त पातळ, कारण रंगालाही वजन असतं. आधी मरून स्कॉचब्राइट आणि साबणाने हलकं घासा, थर खरवडून काढायचा नाहीये. मग वरून पाणी सोडा, सलग पडद्यासारखं वाहिलं तर स्वच्छ, थेंब थेंब झाले तर अजून तेलकट आहे, परत धुवा. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही, ग्लोव्हज. फवारताना साधा कापडी मास्क नको, केमिकल कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर, आणि डब्यावर आयसोसायनेट लिहिलं असेल तर बाहेरून हवा पुरवणारा, क्रोमेट असेल तर जास्तच जपून.

वाळल्यावर नंबर दिसेनासे होतात, म्हणून फवारायच्या आधीच प्रत्येक पार्टच्या नंबरवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा. मी पहिल्यांदा नाही लावला, मग रविवारभर नकाशा हातात घेऊन सतरा हिरव्या ब्रॅकेटांची ओळखपरेड घेत बसलो होतो.