मेच्या आत: छोट्या ॲफिलिएट साइटच्या प्रसिद्धीची तयारी

मॉन्सून मुंबईत पोचायची सरासरी तारीख ११ जून. शाळाही त्याच सुमारास उघडतात. त्यामुळे छत्री, रेनकोट, बॅगेचं कव्हर, पावसाळी चपला ही सगळी खरेदी मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत उरकते. जे राहतात ते पहिली सर अंगावर घेऊन मग धावतात. माझी साइट याच सामानाची. रोज लोकलने जाणाऱ्याला काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे स्वतः वापरून लिहायचं. कुणी माझ्या लिंकवरून जाऊन वस्तू घेतली तर दुकान मला थोडं कमिशन देतं; अशा साइटला ॲफिलिएट साइट म्हणतात. ज्यांची साइट अशीच वीस-तीस पानांची आहे, जाहिरातीवर टाकायला पैसे नाहीत आणि लिंक, स्पर्धा आणि पेपरातल्या चार ओळी यांवरच ज्यांना भागवायचंय, त्यांच्यासाठी ही यादी. तुमचं सामान दिवाळीचं असेल तर तारखा पुढे ढकला. क्रम मात्र बदलू नका. बहुतेकजण आधी पाहुण्यांना आमंत्रण धाडतात आणि मग घर झाडायला घेतात.

घर झाडायचं काम मार्चचं. आपली साइट परक्यासारखी उघडा, तीही घरच्या वायफायवर नव्हे. संध्याकाळच्या गर्दीत कुर्ल्याला गाडीत शिरा आणि मोबाइलवर उघडा. विद्याविहार गेलं तरी फोटो उमटले नसतील तर ते हलके करा. मग दुकानाच्या पानावरून उचललेलं वर्णन जिथे जिथे तसंच चिकटवलंय ती पानं काढून टाका. ‘प्रीमियम दर्जाचं वॉटरप्रूफ कापड’ हे विक्रेत्याने लिहिलेलं वाक्य वाचायला तुमच्याकडे कुणी कशाला येईल? गूगलच्या स्पॅम धोरणातही अशा पोकळ ॲफिलिएट पानांचा वेगळा उल्लेख आहे. त्याजागी स्वतः केलेलं काहीतरी दाखवा. मी रेनकोटच्या प्रत्येक खिशात पेपरची एक घडी ठेवते आणि शॉवरखाली दहा मिनिटं उभी राहते. मग घडी उघडून फोटो. मागे एका महागड्या रेनकोटच्या डाव्या खिशातली घडी कोरडी ठणठणीत निघाली आणि उजव्या खिशातली इतकी भिजली होती की मथळ्याची शाई राशिभविष्यावर उतरली होती. उजव्या चेनीखाली शिवणीत बोटभर फट होती. त्या फोटोनंतर लोक मला ‘घडीवाल्या ताई’ म्हणायला लागले. किमती मात्र हाताने टाइप करून ठेवू नका. त्या रोज बदलतात, शिवाय ॲमेझॉनच्या ॲफिलिएट करारात तसं करायला मनाईच आहे.

आता यादीतलं सगळ्यात मोठं काम, आणि नेमकं हेच टाळलं जातं. ज्यातून एक पैसाही कमिशन मिळणार नाही असं एक पान तयार ठेवा. ‘टॉप टेन छत्र्या’च्या पानाला कुणी आपणहून लिंक देत नाही, कारण आपण दुसऱ्याच्या गल्ल्यात भर घालतोय हे देणाऱ्याला कळतं. माझं बिनकमिशनचं पान म्हणजे छत्री दुरुस्त करणाऱ्यांची स्टेशनवार यादी. पूर्वेला की पश्चिमेला, कुठल्या दुकानाच्या पायरीपाशी, किती वाजेपर्यंत, एका काडीचे किती घेतात, तीन घडीची छत्री हातात घेतात की ‘नवीन घ्या’ म्हणून परत देतात. हे घरबसल्या होत नाही. दादर, लालबाग, गिरगाव, पार्ले, मुलुंड असे दोन-तीन शनिवार पायी घालवावे लागतात. सोबत एक मोडकी छत्री न्या, म्हणजे बोलणं आपोआप सुरू होतं. लालबागला एका काकांनी माझी छत्री उघडलीसुद्धा नाही. कानाजवळ धरून नुसती हलवली आणि म्हणाले, ‘दोन काड्या आणि खटका.’ तेवढंच निघालं. पानावर ते वाक्य तसंच आहे, काकांचा नंबर मात्र नाही. त्यांनी नको म्हटलं. विचारल्याशिवाय कुणाचा नंबर टाकायचा नाही. जागेची खूण पुरते. या पानाच्या तळाशी एक साधी ओळ ठेवलीय: दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर मी तपासलेल्या छत्र्या इथे आहेत. माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं या दारातून आत येतात.

एप्रिल हा पत्रं लिहायचा महिना. हवामान खात्याचा पहिला हंगामी अंदाज तेव्हाच येतो आणि लोकांच्या डोक्यात पाऊस शिरायला लागतो. दोनशे जणांना एकच मेल पाठवू नका. वीस जणांची यादी करा आणि त्या विसांची पानं खरोखर वाचा. पावसाळी ट्रेक नेणारे गट माझ्या यादीत पहिले, कारण त्यांच्याकडे ‘सोबत काय आणाल’ असं पान असतंच आणि त्यात ‘पोंचो, सॅकला कव्हर’ यापलीकडे काही नसतं. मग सायकलवाले. मग बाहेरगावहून मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलांसाठी माहिती लिहिणारे, कारण इथला पाऊस काय चीज आहे हे त्या मुलांना जुलै उजाडेपर्यंत माहीत नसतं. पत्र कसं असावं? मी लिहिलेलं एक जवळपास जसंच्या तसं देते: ‘नमस्कार दादा, तुमच्या यादीत सॅकच्या कव्हरचा उल्लेख आहे, पण किती लिटरच्या सॅकला कुठल्या मापाचं लागतं ते नाही. मी सात कव्हरं मोजून तक्ता केलाय, उपयोगी वाटला तर लावा. माझ्या साइटला विक्रीवर कमिशन मिळतं, या तक्त्याच्या पानावर मात्र विक्रीची लिंक नाही. आणि हो, तुमच्या पानावरची तिसरी लिंक उघडत नाहीये.’ शेवटच्या वाक्याने त्यांचा उपयोग होतो, म्हणून उत्तर येतं. दहा दिवसांनी एकदा आठवण करा. तिसऱ्यांदा लिहू नका. नको असेल तर नको.

याच काळात ‘पाचशे बॅकलिंक, एवढ्या रुपयांत’ असे मेल तुम्हालाही येतील. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक. डिलीट करा. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये शोधनिकालांच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आणला तो अशाच लिंकांच्या बाजाराला आळा घालायला. विकत घेतलेल्या लिंकेवर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण हवी, म्हणजे पानाच्या कोडमधला एक शब्द, जो ही लिंक आपणहून दिलेली शिफारस नाही हे गूगलला सांगतो. ‘स्पॉन्सर्ड’ची खूण २०१९ पासून आहे आणि ती आपल्या ॲफिलिएट लिंकांनाही लावायची असते. बरेच प्लगइन, म्हणजे साइटला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, ती आपोआप लावतात, पण एकदा पानाचा कोड उघडून स्वतः बघा. ‘तू मला दे, मी तुला देते’ हा प्रकार एखाददुसऱ्या ओळखीत ठीक. त्याची साखळी झाली की गूगल तीही खपवून घेत नाही.

कमिशनची कबुली हा मुद्दा लोक तळटिपेत ढकलतात. तो पानाच्या वर ठेवा, आणि मराठी पानावर मराठीतच: ‘इथल्या लिंकवरून तुम्ही काही घेतलंत तर मला कमिशन मिळतं.’ जाहिरातींवर नजर ठेवणारी ॲस्की ही संस्था आपल्या मुंबईतलीच, १९८५ ची. इन्फ्लुएन्सरांसाठी तिने २०२१ मध्ये नियम केले. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळेला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. आपण चिंधी माणसं, आपल्याला कोण विचारतंय, असं मलाही वाटायचं. पण कंपनीने फुकट पाठवलेली छत्री हासुद्धा मोबदलाच, आणि तो लपवला तर वाचणाऱ्याने माझ्या पेपरच्या घडीवर तरी का विश्वास ठेवावा?

स्पर्धा मेच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं: पोस्ट शेअर करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, सोडतीत छत्री जिंका. एक तर फेसबुकच्या नियमांत असं शेअर-टॅग करायला लावणं बसत नाही, हे मला नंतर कळलं. दुसरं म्हणजे आलेली बहुतेक प्रोफाइलं फक्त स्पर्धाच खेळणारी. साइट कुणी उघडलीसुद्धा नाही. छत्री परराज्यात गेली आणि कुरिअरला तिच्या निम्मे पैसे लागले. आई तेव्हा म्हणाली, ‘स्टेशनवर उभं राहून वाटली असतीस तर निदान दुवा तरी मिळाला असता.’

दुसऱ्या वर्षीपासून ‘माझी पावसाळी बॅग’. बॅग टेबलावर रिकामी करायची, सामानाचा वरून एक फोटो काढायचा आणि पाच ओळी लिहायच्या. यासाठी आधी तयार ठेवायच्या गोष्टी अशा. निवडीचे निकष लिहून जाहीर करा, म्हणजे ती नशिबाची सोडत राहत नाही. परीक्षक दोघे, घरचे नकोत. प्रवेश मुंबई, ठाणे, नवी मुंबईपुरता, बक्षीस हातात नेऊन देता आलं पाहिजे. फोटो साइटवर वापरायची परवानगी नियमांतच घ्या. खरेदीची अट अजिबात घालू नका: ‘माझ्या लिंकवरून घ्या आणि जिंका’ हे ॲमेझॉनच्या करारात बसत नाही, आणि विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा-सोडती व दडवून ठेवलेले निकाल या दोन्हींचा उल्लेख ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये आहे. म्हणून जिथे स्पर्धा जाहीर केली तिथेच निकालही ठळक लावायचा. बक्षीस लहान ठेवा; सोडतीच्या बक्षिसाला दहा हजारांवर ३० टक्के टीडीएस लागतो, ते लचांड आपल्याला नको. पत्ता फक्त जिंकणाऱ्याचा मागा आणि बक्षीस पोचलं की खोडून टाका. या स्पर्धेतून मला जे मिळालं ते सोडतीतून कधीच मिळालं नसतं. विरारहून येणाऱ्या एका नर्सताईंच्या बॅगेत सुक्या मोज्यांचे दोन जोड, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेले. मोज्यांच्या त्या पानाची लिंक त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी आपणहून पुढे पाठवली.

पेपरसाठी निवेदन मेच्या मध्यापर्यंत तयार हवं. पुरवण्यांची पानं आधीच लागतात, तेव्हा छापून यायला हवं त्याच्या दहा-बारा दिवस आधी पाठवा. फोन दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान करा. संध्याकाळी पानं लावायची घाई असते, तेव्हा फोन करणारा नावडता होतो. दीडशे शब्द, युनिकोडमध्ये, सोबत फोटोओळींसकट दोन मोठे फोटो. ‘माझी साइट’ हा विषय नाही. ‘मुंबईत छत्री दुरुस्त करणारे अजून कुठे बसतात’ हा विषय आहे, आणि साइटचा पत्ता त्यात शेवटी येतो. तो पत्ता फोनवर एका दमात सांगता आला पाहिजे. छापील मजकुरात ॲफिलिएट लिंक किंवा तिचा क्यूआर देऊ नका, ॲमेझॉनला ते चालत नाही. आपल्या साइटचा पत्ता द्या.

आणि होस्टिंगवाल्याशी, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर आपली साइट असते त्याच्याशी, आधी बोला. एका रविवारी एका दैनिकाच्या पुरवणीत माझ्या पानाबद्दल सहा ओळी आल्या. सकाळी आठला माझ्या काकांचा फोन, ‘अगं, नाव आलंय तुझं!’ मी चहा ठेवून साइट उघडली तर पांढरं पान. स्वस्त होस्टिंगची मर्यादा ओलांडली होती आणि त्यांचं मदतकेंद्र सोमवारी उघडणार होतं. रविवारभर मी नातेवाइकांना यादी व्हॉट्सॲपवर पाठवत बसले. आता मेच्या आधी एक महिन्यापुरता वरचा प्लॅन घेते, पानाचं कॅशिंग (पानाची तयार प्रत साठवून तीच सगळ्यांना दाखवणं) चालू आहे ना ते बघते, आणि छत्रीवाल्यांच्या पानाची बिनफोटोची आवृत्ती तयार ठेवते.

स्टिकरचा मोह होईल. लोकलच्या डब्यात बंगाली बाबांच्या शेजारी आपला क्यूआर चिकटवू नका. ते बेकायदा तर आहेच, वर शेजारही कसला! त्यापेक्षा ज्या छत्रीवाल्यांनी हो म्हटलं त्यांच्या पेटीवर आपल्या हाताने लिहिलेला छोटा पुठ्ठा लावा.

हिशोबासाठी प्रत्येक वाटेला वेगळा ट्रॅकिंग आयडी (कुठल्या लिंकवरून विक्री झाली ते सांगणारी खूण) करून ठेवा: ट्रेकवाले एक, स्पर्धा एक, पेपर एक. कमिशनचा आकडा जूनमध्ये बघून हुरळू नका. मापात न बसलेले रेनकोट परत जातात आणि त्यांचं कमिशनही परत जातं. खरा आकडा जुलैत कळतो.

राहिलं एकच काम, जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. यादीतल्या प्रत्येक जागी पुन्हा एकदा जाऊन या. मुलुंडचे छत्रीवाले मागच्या वर्षी रस्त्याच्या खोदकामामुळे पलीकडच्या गल्लीत गेले होते आणि मी पान बदललं नव्हतं. एक आजोबा माझं पान वाचून भर पावसात मोडकी छत्री घेऊन तिथे पोचले. त्यांनी मला मेल केला, एका ओळीचा: ‘इथे कोणी नाही.’ त्यानंतर त्या पानावर प्रत्येक नावापुढे शेवटची भेट कधी दिली ती तारीख असते.