मॉलिब्डेनाइट आणि ग्रॅफाइट वेगळे कसे ओळखावे

आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे नसून ग्रॅफाइट असते. मॉलिब्डेनाइट हे नावही शिशासाठीच्या ग्रीक शब्दावरून आले, पण ते आहे मॉलिब्डेनम हा धातू आणि गंधक यांचे संयुग. मॉलिब्डेनाइट आणि ग्रॅफाइट एकच समजण्याची जुनी गल्लत १७७८ मध्ये स्वीडनमधील रसायनतज्ज्ञ कार्ल शेले यांनी दूर केली. संग्रहासाठी नमुना घेणाऱ्याची मात्र ती आजही होते, कारण दोन्ही खनिजे राखाडी, चकचकीत आणि बोटांना काळी करणारी आहेत.

प्रथम नखाने ओरखडा काढावा. ओरखडा उमटला नाही, तर नमुना या दोहोंपैकी नाही. उमटला, तरी एवढ्यावरून निवाडा होत नाही, कारण दोघांचेही काठिण्य मोहस् श्रेणीवर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) १ ते २ च्या दरम्यानच असते. दोन्हींचे अभ्रकासारखे पातळ पापुद्रे निघतात. फरक एवढाच की अभ्रकाचा पापुद्रा वाकवून सोडल्यास सरळ होतो, यांचा वाकलेलाच राहतो.

त्यानंतर नमुना पांढऱ्या कागदावर आणि मग चकचकीत पांढऱ्या बशीवर घासावा. मॉलिब्डेनाइटची रेघ कागदावर निळसर राखाडी, तर बशीवर हिरवट दिसते. ग्रॅफाइटची दोन्हीकडे काळीच राहते. हा हिरवट छटेचा फरक दिव्याखाली सहज निसटतो, म्हणून तो दिवसाच्या उजेडातच पाहावा आणि शेजारी पेन्सिलीची रेघ ओढून ताडून घ्यावा.

खरा निर्णय घनतेवर होतो. कोरडा नमुना स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलावा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि दोऱ्याला बांधलेला नमुना तळाला किंवा काठाला न टेकवता पूर्ण बुडवावा. आता काटा दाखवील तेवढे ग्रॅम पाणी नमुन्याने बाजूला सारले आहे. कोरड्या वजनाला या आकड्याने भागावे. उत्तर ४.७ च्या आसपास आले तर मॉलिब्डेनाइट, २.२ च्या आसपास आले तर ग्रॅफाइट, आणि ७.५ आले तर बहुधा गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज. मॉलिब्डेनाइट पुष्कळदा गारगोटीत रुतलेले सापडते. तशा दगडाची घनता मोजून काही उपयोग नाही, तेथे रेघेवरच भिस्त ठेवावी.

नमुना तापवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून सल्फर डायऑक्साइड हा घातक वायू निघतो.