भरीत पार्टीचा जोडधंदा: आधी वही, मग चूल

चंपाषष्ठी झाली की जळगावकडे भरिताचे बेत सुरू होतात. शेतात किंवा अंगणात पैसे घेऊन 12 जणांची पंगत बसवायचं मनात असेल, तर पहिल्या पानावर ताटाचा भाव लिहू नका, हातात किती शनिवार आहेत ते लिहा. माघ संपेपर्यंत साधारण 12 मिळतात. त्यातून लग्नतिथी, संक्रांत आणि घरचं दुखणंखुपणं वजा करून 8 धरा. वर्षाचे 52 शनिवार धरायचा मोह मलाही झाला होता, पण मे महिन्यात पारा 45 कडे गेल्यावर विस्तवाशेजारी कोण बसणार?

मग एक चाचणी घ्या, ही अजिबात टाळू नका. बामणोद-असोद्याकडची हिरवी भरिताची वांगी आणा, तोलून कपाशीच्या काड्यांवर भाजा. साल काढताना बोटं काळी होतात, वाफेचे चटके बसतात; म्हणून 6 किलो सोलायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचायच्या आधी गर परत तोला. आणलेल्या वजनापेक्षा तो बराच कमी भरतो आणि माणशी खर्चाचा अंदाज नेमका इथंच चुकतो. तेल, शेंगदाणे, लसूण, मिरच्या, कांद्याची पात आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं पीठ, सगळं त्याच पानावर मांडा.

आता आकडे. समजा ताट 300 रुपये, पाहुणे 12, म्हणजे 3600 जमा. किराणा-भाजी 1000, भाकरी थापायला येणाऱ्या मावशींचे 500 (त्यांचे पैसे त्याच रात्री द्या), काड्या, गॅस, पत्रावळी, पाण्याचे जार 400. उरले 1700. पण दोघं ऐनवेळी आले नाहीत तर स्वयंपाक झालेलाच असतो, उरतात 1100. बाजार, तयारी, पंगत, आवराआवर मिळून तुमचे 10 तास गेले, म्हणजे तासाला 110. अंदाज बांधताना हाच आकडा घ्या: 8 शनिवारांचे 8800, त्यातून सतरंज्या, बडगी, पराती यांचे 4000 वजा, पहिल्या हंगामात हातात 4800. 52 शनिवार गुणिले 1700 केलं असतं तर 88,400 दिसले असते आणि त्या भरवशावर कोणी कर्जही काढलं असतं. मला खरी काळजी त्याचीच वाटते.

निम्मे पैसे आगाऊ यूपीआयवर घ्या. नाव नोंदवतानाच कांदा-लसूण चालतो का विचारा. आपल्याकडे जैन कुटुंबं बरीच आहेत, आणि वांगं न खाणारेही निघतात. त्यांच्यासाठी शेवभाजी करायची तर तिचा खर्च वेगळा धरा. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी पहिल्या पंगतीआधी करून घ्या. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. प्राप्तिकराच्या विवरणात हे उत्पन्न दाखवायचं आहे, म्हणून पावत्या एका पिशवीत जपा. शेजाऱ्यांना धूर आणि गाड्यांबद्दल आधीच सांगून ठेवा.

पहिल्या दोन पंगती ओळखीच्या 6 जणांच्याच बसवा, आणि ताटाचा भाव त्यानंतर ठरवा.